अकरा-नऊ की नऊ-अकरा?

वाचकाचा प्रश्न

पत्रलेखिका ३१ वर्षांच्या आहेत. नव्या नोकरीत रुजू झाल्या त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात ऑफिसने सगळ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली. चार अक्षरांचा 'प्रकार' सांगणारी ही चाचणी. त्यात त्या 'अंतर्मुख' ठरल्या. एकट्याने, खोलात शिरून करायची कामं त्यांना छान जमतील, माणसं सांभाळायच्या कामात मात्र त्या लवकर थकतील, असं अहवालात होतं. काही महिन्यांनी सहा जणांच्या टीमचं प्रमुखपद त्यांना देऊ केलं, तेव्हा 'माझा तो पिंड नाही' असं सांगून त्यांनी नकार दिला. आता चौदा महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली आणि या खेपेला निकाल आला 'बहिर्मुख'. बाकीची तीन अक्षरं तीच, पण वर्णन जवळपास उलटं. थोरला भाऊ म्हणतो, हे सगळं राशिभविष्यासारखं थोतांड आहे. त्यांना तसं म्हणवत नाही, कारण दोन्ही अहवाल वाचताना 'हो, मी अशीच तर आहे' असं त्यांना वाटलं. प्रमुखपद पुन्हा रिकामं होतंय. त्या लिहितात: 'यातली खरी मी कोणती? पहिला अहवाल चुकला असेल तर मी संधी हकनाक घालवली. दुसरा चुकला असेल तर आता हो म्हणून फसेन. अहवाल नसता तर तेव्हा मी कदाचित हो म्हटलंही असतं. साहेबांशी बोलण्याआधी तिसरी एखादी चांगली चाचणी देऊन खात्री करून घेऊ का?'

उत्तर

प्रिय मैत्रीण,

दोन्ही अहवाल सोबत पाठवलेत हे फार बरं केलंत. नाही तर मीही त्या दोन शब्दांतच अडकले असते. शब्द जरा बाजूला ठेवू आणि आकडे बघू. पहिल्या अहवालात तिसऱ्या पानावर एक आडवी पट्टी आहे, तिच्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय: अंतर्मुख ५५ टक्के. दुसऱ्या अहवालात त्याच जागी: बहिर्मुख ५५ टक्के. मागच्या पानावरच्या माहितीनुसार या पट्टीचे प्रश्न २०, प्रत्येकाला पर्याय दोनच. म्हणजे पहिल्या वेळी तुमची ११ उत्तरं अंतर्मुखतेकडची होती, ९ बहिर्मुखतेकडची. दुसऱ्या वेळी ९ आणि ११. गोळाबेरीज केली तर चौदा महिन्यांत दोन उत्तरं इकडची तिकडे गेली.

दोन! आणि तेवढ्यावर आठ पानांचा मजकूर फिरला, 'एकट्याने काम करा'चं 'माणसांत राहा' झालं, आणि तुम्ही मला रात्री दीड वाजता पत्र लिहिलंत (वेळ ईमेलवर दिसते हो).

यात तुमची चूक काहीच नाही. घोळ आहे तो मधोमध मारलेल्या रेघेचा. माणसांची उंची मोजली तर बहुतेक जण मधल्या उंचीचे निघतात, फार उंच आणि फार ठेंगणे थोडे. अंतर्मुखता-बहिर्मुखतेचंही तसंच आहे: बहुतेक लोक मध्याच्या आसपास, टोकाला मोजके. आता कोणी ठरवलं की सरासरी उंचीवर रेघ मारायची, वरच्यांना 'उंच' म्हणायचं आणि खालच्यांना 'बुटके', तर रेघेच्या जेमतेम खाली असलेला माणूस चार फुटांच्या माणसाबरोबर एका खोलीत जाईल आणि बोटभर वरचा त्याचा सख्खा भाऊ दुसऱ्या खोलीत. उद्या जाड मोजे घालून मोजलं तर खोली बदलेल. तुम्ही त्या रेघेवर उभ्या आहात, आणि खरं तर तिथेच सर्वांत जास्त गर्दी असते.

तुमच्या चाचणीचं नाव पत्रात नाही. पण चार अक्षरांचे सोळा प्रकार ही कल्पना मुळात कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींची. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये मांडलेल्या व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरून त्यांनी प्रश्नावली रचली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्याने काही बिघडतं असं नाही, चिकाटी दांडगी होती. पण गंमत अशी की निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस नसतोच, असं खुद्द युंगच म्हणत. प्रश्नावलीत मात्र प्रत्येकाला एक अक्षर मिळतंच.

आता एक छोटं गणित. समजा, पुन्हा चाचणी दिली तर प्रत्येक अक्षर तेच राहण्याची शक्यता ८५ टक्के आहे. ऐकायला चांगलीच भक्कम वाटते ना? पण चारही अक्षरं तीच राहण्यासाठी ०.८५ ला चार वेळा गुणावं लागतं. उत्तर येतं ०.५२. म्हणजे प्रत्येक अक्षर तसं भरवशाचं असूनही जवळपास निम्म्या लोकांचा प्रकार बदलणार. आणि हे नुसतं कागदावरचं नाही. डेव्हिड पिटेंजर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये मायर्स-ब्रिग्ज चाचणीवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अवघ्या पाच आठवड्यांच्या अंतरानेही निम्म्यापर्यंत लोक वेगळ्या प्रकारात जातात, असं त्यांनी नोंदवलं. तुमचं तर चौदा महिन्यांत एकच अक्षर हललं. टिकलात म्हणायचं!

तेव्हा 'पहिला चुकला की दुसरा' या प्रश्नातच एक गृहीतक दडलंय: आत कुठेतरी एक ठाम शिक्का आहे आणि दोनपैकी एका अहवालाने तो बरोबर वाचला. माझ्या मते दोन्ही अहवालांनी जवळपास तेच वाचलं आणि दोन्ही वेळा ते वाढवून सांगितलं.

मग अशा प्रश्नावल्यांवर विश्वास ठेवायचा की नाही? भावाला उत्तर द्यायचंय, म्हणून जरा खोलात जाते.

मानसशास्त्रात 'विश्वसनीयता' हा शब्द आपण रोज वापरतो त्यापेक्षा फार कोत्या अर्थाने वापरतात. त्याचा अर्थ एवढाच, की मोजमाप पुन्हा घेतलं तर साधारण तेच येतं का. जे मोजतोय म्हणतो तेच मोजतोय का, हा वेगळा प्रश्न, त्याला यथार्थता म्हणतात. एके काळी मोठमोठे विद्वान डोक्याचा घेर मोजून बुद्धी ठरवत. डोक्याचा घेर आज मोजा, पुढच्या महिन्यात मोजा, फीत तोच आकडा दाखवेल. याहून विश्वसनीय मोजमाप शोधून सापडणार नाही. फक्त त्याच्यावरून माणूस हुशार किती ते कळत नाही, एवढीच अडचण! म्हणून कोणी 'आमची चाचणी अत्यंत विश्वसनीय आहे' असं सांगितलं की पुढे विचारायचं: असेल, पण कशासाठी?

विश्वसनीयतेचा आकडाही फसवा असू शकतो. समजा मी एक प्रश्नावली काढली. पहिलं विधान, 'मला गर्दी आवडते'. दुसरं, 'गर्दीत मला बरं वाटतं'. तिसरं, 'गर्दीत माझं मन रमतं'. चौथं, 'गर्दी नसली की मला करमत नाही'. तुमची चारही उत्तरं एकमेकांशी जुळणार, न जुळून करतील काय! ली क्रोनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये मांडलेला अल्फा, म्हणजे उत्तरं आपसांत किती जुळतात ते सांगणारा आकडा, जो अशा चाचण्यांच्या माहितीपत्रकात हमखास असतो, तो अशा वेळी झकास वर जातो. पण मी एकच प्रश्न चारदा विचारलाय. गर्दीपलीकडचं तुमचं काही मला कळलेलं नाही. म्हणून नुसता अल्फा दाखवला तर हुरळून जाऊ नये. काही आठवड्यांनी त्याच लोकांना पुन्हा चाचणी दिली तेव्हा काय आलं, हे विचारावं. तेही अंतर बघून. दोन दिवसांनी दिली तर माणूस आपलीच उत्तरं आठवून लिहितो, पाच वर्षांनी दिली तर माणूसच थोडा बदललेला असतो.

आणि चाचणी उत्तम असली तरी? हे गणित मला फार आवडतं, म्हणून थोडं सहन करा. बऱ्याच चाचण्यांत गुण असे बसवलेले असतात की सरासरी ५० यावी आणि लोकांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, १० असावं. विश्वसनीयता (ती ० ते १ मध्ये मोजतात) ०.९१ धरू, म्हणजे पहिल्या बाकावरची चाचणी. तरीही एका माणसाच्या गुणांत चुकीला वाव राहतोच, आणि सूत्राने काढला तर तो येतो ३ गुणांचा. साधारण ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर त्याच्या दुप्पट, दोन्ही बाजूंना. कोणाला ४८ गुण मिळाले तर प्रामाणिक अहवालाने लिहायला हवं: 'यांचे गुण ४२ ते ५४ च्या दरम्यान कुठेतरी.' म्हणजे सरासरीच्या खाली की वर, सांगता येत नाही. असं लिहिणारे अहवाल असतात, पण ते दिसायला रंगीत नसतात आणि वाचून कोणाला उत्साह येत नाही. जम ननली या मोजमापशास्त्राच्या अभ्यासकाने १९७८ मध्येच लिहून ठेवलंय, की संशोधनाच्या सुरुवातीला ०.७० विश्वसनीयता चालून जाईल, पण एखाद्या माणसाबद्दल महत्त्वाचा निर्णय घ्यायचा तर ०.९० हीसुद्धा किमान अट समजा. तुमच्या अहवालांत मी हा आकडा शोधला. कुठेही नाही.

आता 'हो, मी अशीच आहे' याबद्दल. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकांनी वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी भरून घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याचा निकाल ठेवला. वर्णन किती जुळतं, ० ते ५ मध्ये गुण द्या म्हणाले. सरासरी आली ४.२६. मग उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर वाटला होता, आणि तोही बराचसा ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचललेला. त्यातलं एक वाक्य तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. त्याचा भावार्थ असा: कधी तुम्ही मोकळ्या, मिळूनमिसळून वागता, तर कधी अलिप्त, सावध, मिटलेल्या असता. सांगा, जगात कोणाला हे लागू नाही?

पण म्हणून भावाला जिंकू देऊ नका. फोररच्या प्रयोगावरून सगळ्या चाचण्या थोतांड ठरत नाहीत. 'वाचून पटलं' हा पुरावा धरता येत नाही, एवढंच त्यातून कळतं. चांगल्या चाचण्या आहेत, आणि त्या वेगळ्या रस्त्याने आल्यात. १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळपास १८,००० शब्द वेचून काढले. विचार असा, की माणसामाणसांतला जो फरक महत्त्वाचा, त्याला भाषेत शब्द असणारच. मग पुढची कित्येक वर्षं वेगवेगळ्या संशोधकांनी त्या ढिगाऱ्यातून कोणते गुण एकत्र नांदतात हे आकडेमोडीने शोधलं. पुन्हा पुन्हा पाच गट वर आले: बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता, इतरांशी जुळवून घेणं, भावनिक अस्थिरता आणि नव्या अनुभवांची ओढ. यात प्रकार नाहीत, खोल्या नाहीत. प्रत्येक गुण कमी-जास्त, शिडीसारखा. चांगल्या बनवलेल्या पंचगुणी प्रश्नावल्या काही आठवड्यांनी पुन्हा दिल्या तर दोन वेळच्या गुणांचा मेळ (० म्हणजे मेळच नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.८ च्या आसपास किंवा वर असतो. राशिभविष्याला हे जमलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तरीही प्रत्येक प्रश्नावली शेवटी एका गोष्टीवर उभी असते: तुम्ही स्वतःबद्दल काय सांगता. आणि ते आपण कधी, कुठे बसून, कोणासमोर सांगतोय यावर ठरतं. मागे मी एका प्रशिक्षणात अशी प्रश्नावली भरत होते. 'मी कामं वेळेवर पूर्ण करते' यासमोर 'पूर्णपणे सहमत' वर खूण केली, आणि त्याच क्षणी फोन वाजला. संपादकांचा होता. या सदराचा मजकूर दोन दिवस उशिरा चालला होता. खूण मी खोडली नाही, हेही सांगून टाकते.

अशी शेखी ओळखायला चाचणी बनवणाऱ्यांनी युक्त्या केल्या आहेत. मिनेसोटा विद्यापीठात तयार झालेल्या आणि १९४३ मध्ये छापल्या गेलेल्या एका प्रसिद्ध प्रश्नावलीत काही विधानं मुद्दाम अशी पेरली आहेत, की फार सद्गुणी उत्तरं देणारा माणूस तिथे पकडला जावा. रागच येत नाही, खोटं कधी बोललेच नाही, असं कोणी ठासून लिहिलं की बाकीच्या उत्तरांकडे जरा डोळे बारीक करून बघतात. पण ती चाचणी मानसिक आजारांच्या निदानाला मदत म्हणून आहे, प्रशिक्षित माणसाने वापरायची. ऑफिसात वाटल्या जाणाऱ्या बहुतेक चाचण्यांत असला पहारा नसतो, आणि नेमकं तिथेच चांगलं दिसायचा मोह सगळ्यात जास्त.

तुमच्याकडे वळते. पहिली चाचणी तुम्ही तिसऱ्या आठवड्यात भरलीत. आठवून बघा ते दिवस. कोणाचं नाव काय, जेवायला कोणाबरोबर बसायचं, मीटिंगमध्ये बोललेलं चालतं की नाही, काही माहीत नाही. समोर विधान येतं: 'अनोळखी लोकांत मी सहज मिसळते.' तुम्ही तेव्हा बावीस अनोळखी लोकांत बसलेल्या होता! दुसऱ्या वेळी तेच विधान आलं तेव्हा त्या बावीस जणांत दोन-तीन जिवाभावाच्या मैत्रिणी झालेल्या. उत्तर नाही बदललं तरच नवल. शिवाय 'सहज' म्हणजे कोणाच्या मानाने सहज? दिवसभर बोलणाऱ्या भावाच्या मानाने की शेजारच्या अबोल सहकाऱ्याच्या? प्रश्नावली हे सांगत नाही, आपण मनातल्या मनात कोणाला तरी शेजारी उभं करतो आणि उत्तर देतो. म्हणून 'मी मिसळते' यापेक्षा 'कामाच्या ठिकाणी मी मिसळते' असं नेमकं विचारणाऱ्या प्रश्नावल्या कामाबद्दलचे अंदाज जरा बरे वर्तवतात.

भाषांतराचंही थोडं सांगते, कारण अशा अहवालांबद्दल मला बरीच पत्रं येतात. समारंभात रंगत आणणाऱ्या माणसासाठी इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे. तो शब्दशः मराठीत आणला की 'मी मेजवानीचं आयुष्य आहे' असं काहीतरी होतं. भरणारा बिचारा दोनदा वाचतो, 'अंशतः सहमत' वर खूण करतो आणि पुढे जातो. मूळ चाचणीची विश्वसनीयता कितीही असो, भाषांतर ज्या लोकांसाठी केलंय त्यांच्यावर ते नव्याने तपासावं लागतं, आणि तुलनाही त्यांच्याशीच व्हावी लागते.

पण मला सर्वांत जास्त बोलायचंय ते दुसऱ्याच गृहीतकाबद्दल: अंतर्मुख माणसाला टीम चालवता येत नाही. चाचणी अगदी बिनचूक असती, तुम्ही २० पैकी २० अंतर्मुख निघाल्या असतात, तरी हा निष्कर्ष निघाला असता का? टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र केले, तेव्हा बहिर्मुखता आणि नेतृत्व यांच्यातला संबंध तशाच ० ते १ च्या मापावर निघाला ०.३१ च्या आसपास. संबंध आहे, नाही म्हणता येत नाही. पण ०.३१ चा वर्ग करा, ०.१ सुद्धा भरत नाही. नेतृत्वात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला दहावा हिस्साही बहिर्मुखतेने समजत नाही. उरलेले नऊ हिस्से दुसरीकडून येतात. पुढे २०११ मध्ये ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी पिझ्झाच्या दुकानांच्या एका साखळीत पाहणी केली. जिथे कर्मचारी स्वतःहून कल्पना मांडत होते, तिथे कमी बहिर्मुख प्रमुखांची दुकानं जास्त नफ्यात होती, बहुधा ते ऐकून घेत होते म्हणून. म्हणजे प्रश्न तुमच्या एकटीच्या स्वभावाचा उरत नाही. ती सहा माणसं कशी आहेत, हेही बघावं लागतं.

आता जे लिहिते त्याचा राग मानू नका. तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी थांबले: 'अहवाल नसता तर तेव्हा मी *कदाचित* हो म्हटलंही असतं.' तो 'कदाचित' मला खरा वाटतो. नव्या जागी वर्षही झालं नव्हतं, सहा माणसांची जबाबदारी समोर आली, पोटात गोळा आला असेल. आणि टेबलाच्या खणात एक छापील कागद तयार होता, नाव तुमचंच, त्यावर लिहिलेलं की हे तुमचं काम नव्हे. 'मला भीती वाटते' म्हणण्यापेक्षा 'माझा तो पिंड नाही' म्हणणं किती सोपं! माझ्याकडे येणारे बरेच जण अहवाल असाच वापरतात. अहवाल निर्णय घेत नाही, घेतलेल्या निर्णयाला शिक्का देतो. तुम्ही तसंच केलंत असं मी म्हणत नाही, मला ते इथून कळणार नाही. पण तपासून बघा. कारण तसं असेल तर तिसऱ्या चाचणीचा निकाल काहीही आला तरी पोटातला गोळा तिथेच राहील. आणि त्या वेळी नाही म्हणणं चूकच होतं असंही नाही. नवख्या माणसाने सहा महिने थांबणं हा शहाणपणाही असतो. संधी हकनाक गेली, हा हिशोब दुसऱ्या अहवालाने तुमच्या माथी मारलाय.

तिसरी चाचणी मग नको. निदान या कामासाठी नको. चार अक्षरी प्रकार सांगणाऱ्या मूळ चाचणीचे प्रकाशकसुद्धा तिचा वापर माणसं निवडायला करू नये असं सांगतात. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या बऱ्याच चाचण्या तर त्या मूळ चाचणीच्या नकला असतात, त्यांची तपासणी कोणी केलीय हेही कळत नाही.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांच्या हाती उद्या असा अहवाल पडला तर त्यांनी काय करावं? आधी रंगीत वर्णन झाकून आकडा शोधावा. तो मध्याच्या जवळ असेल तर शिक्क्याला फारसा अर्थ नाही, टोकाला असेल तर थोडा आहे. 'टक्के' लिहिलं असेल तर कशाचे ते विचारावं, कारण ५५ टक्के उत्तरं एका बाजूची असणं वेगळं आणि ५५ टक्के लोकांपेक्षा जास्त असणं वेगळं, आणि अहवाल लिहिणारेही यात गफलत करतात. तुलना कोणाशी केलीय? कॉलेजच्या मुलांशी की आपल्या वयाच्या, आपल्या कामाच्या माणसांशी? चाचणी देणाऱ्याला माहितीपुस्तिका मागावी. विश्वसनीयतेचे, यथार्थतेचे आकडे तिथे असतात. पुस्तिका नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच. अहवालावर तारीख आणि भरतानाची परिस्थिती आपल्या हाताने लिहून ठेवावी: 'नोकरीचा तिसरा आठवडा, जेवणाआधी, घाईत.' आणि आपल्याला चांगलं ओळखणाऱ्या दोघांना तीच विधानं आपल्याबद्दल भरायला सांगावीत. सिमीन वझीर यांच्या २०१० मधल्या अभ्यासात असं दिसलं, की मनातली धाकधूक ज्याची त्यालाच नीट कळते, पण बुद्धी-कल्पकतेसारख्या बाबतीत मित्रमैत्रिणींचा अंदाज आपल्यापेक्षा सरस ठरतो. आपण स्वतःला तिथे एक तर फार चढवतो किंवा फार उतरवतो.

तुमच्याकडे तर याहून चांगला पुरावा आहे, पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात तुम्ही तो जाता जाता लिहून गेलात. गेले पाच महिने दोन नव्या मुलांना काम शिकवताय. त्यातला एक सोडून जाणार होता, तो थांबला. हे २० प्रश्नांत कुठे बसतं? त्या पाच महिन्यांकडे नीट बघा. दिवसाच्या शेवटी रिकामं वाटायचं की बरं वाटायचं? त्या मुलाची चूक दाखवायची होती तेव्हा तुम्ही किती दिवस टाळलंत? टाळलंत की नाही, यावरून प्रमुखपद झेपेल का हे कोणत्याही पट्टीपेक्षा जास्त कळेल, कारण त्या खुर्चीतलं सर्वांत अवघड काम तेच असतं.

साहेबांकडे जाल तेव्हा कोणताही अहवाल नेऊ नका. सरळ सांगा: 'मागच्या वेळी मी नवीन होते, म्हणून नाही म्हटलं. आता इच्छा आहे. तीन महिने हंगामी म्हणून बघू या का? मला दर पंधरा दिवसांनी तुमच्याशी अर्धा तास बोलायला मिळालं तर बरं होईल.' अर्थात इच्छा असेल तरच. पाच महिन्यांकडे बघून मन 'नको' म्हणालं तर 'नको' सांगा, फक्त कारण स्वतःचं द्या.

ते म्हणतील, 'पण तुमच्या फाइलमध्ये तर अंतर्मुख लिहिलंय.' तेव्हा त्याच फाइलमधल्या अहवालांतला पट्टीखालचा तो ५५ चा आकडा दाखवा, दोन्ही वर्षांचा. आणि तिथेच हेही विचारून घ्या, की हा अहवाल फाइलमध्ये किती वर्षं राहणार आहे आणि तो कोणाकोणाला वाचायला मिळतो. हे पहिल्या आठवड्यात विचारायचं राहून जातं, सगळ्यांचंच.